जंत गेले म्हणून ॲलर्जी आली?

चौकसराव:
माझं मत आधीच सांगून टाकतो. ॲलर्जी वाढण्यामागे जंत कमी होणं हे एक मोठं कारण आहे. आयजीई प्रतिपिंडं शरीराने बाळगली ती जंतांशी लढायला. जंतच उरले नाहीत, तर ती परागकणांवर आणि धुळीतल्या माइट्सवर घसरणारच. आफ्रिकेतल्या गॅबन देशातल्या मुलांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. शिस्टोसोमा या जंताची लागण असलेल्यांच्या त्वचाचाचणीत माइट्सची प्रतिक्रिया कमी निघाली. २००४च्या अभ्यासात जंताचं औषध दिल्यावर ती वाढली. आणखी काय हवं?

टवाळ:
निष्कर्ष घटकाभर मान्य, कारण साफ अमान्य. जंत असलेल्यांच्या रक्तात आयजीई भरपूर असते, तरी ॲलर्जी कमी! म्हणजे प्रतिपिंडं रिकामटेकडी बसतात म्हणून बिघडतात हे खरं नाही. जंत स्वतःच्या बचावासाठी प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी आणि आयएल-१० हा तसाच शमवणारा रेणू वाढवून यजमानाला थंड ठेवतात. ॲलर्जी दबते ती त्या ओघात.

हेमांगी_क:
पण दबते का, हाच तर वाद आहे. त्वचाचाचणीत हातावर गांधी उठणं म्हणजे दमा नव्हे. इक्वेडोरमध्ये शाळकरी मुलांना वर्षभर अल्बेंडॅझोल हे जंताचं औषध दिलं, ॲलर्जी वाढली नाही (२००६). व्हिएतनाममध्ये त्वचाचाचणीत वाढ दिसली, दम्यात फरक नाही (२०१०).
शिवाय 'जंत' हा काही एकच प्राणी नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा अंकुशकृमी असलेल्यांत दमा कमी आढळला, गोलकृमी असलेल्यांत मात्र जास्त! गोलकृमीच्या अळ्या फुफ्फुसांतून प्रवास करतात, खोकला आणि घरघर लावतात. त्यांचं ट्रोपोमायोसिन हे स्नायूंतलं प्रथिन माइट्सच्या ट्रोपोमायोसिनशी इतकं मिळतंजुळतं की एकावरची आयजीई दुसऱ्यालाही चिकटते.

चौकसराव:
गोलकृमीचं मान्य. पण इक्वेडोरची मुलं लहानपणापासून जंतांच्या संगतीत वाढलेली. वर्षभराच्या गोळ्यांनी ती घडण पुसेल? युगांडात गरोदरपणी अल्बेंडॅझोल घेतलेल्या मातांच्या बाळांना इसब जास्त झाला. खरी वेळ तीच असावी.

पिंगळा:
मग काय, अंकुशकृमी पाळायचे का? लोक पैसे मोजून अळ्या मागवतात म्हणे.

हेमांगी_क:
करून झालंय. ब्रिटनमध्ये दमेकऱ्यांच्या त्वचेवर प्रत्येकी १० अळ्या सोडल्या, दम्यात ठोस सुधारणा नाही. डेन्मार्कमध्ये परागज्वराच्या रुग्णांना डुकराच्या चाबूककृमीची अंडी पाजली. नाक होतं तसंच, वर जुलाब. दोन्ही निकाल २०१०चे. आणि अंकुशकृमी आतड्याला डसून रक्त पितो. जास्त झाले की पंडुरोग.

टवाळ:
अख्खा प्राणी कशाला गिळायचा? उंदरांच्या एका कृमीच्या स्रावात आयएल-३३ला जखडणारं प्रथिन सापडलंय. आयएल-३३ म्हणजे ॲलर्जीची पहिली हाकाटी. औषध निघालं तर यातून निघेल.

चौकसराव:
निघेल तेव्हा निघेल. गरोदरपणातल्या मुद्द्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

हेमांगी_क:
देते की. गरोदर बाईला जंतांमुळे पंडुरोग झाला असेल, तर बाळाच्या संभाव्य इसबाच्या धास्तीने तिची गोळी थांबवाल?