शोरो वाजवायचाय, तबल्याचं काय करावं? (इंदूर)

राजेंद्रनगर_मँडोलिन:
मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे. आमच्या कॉलनीत कोजागिरीला गच्चीवर दुधाआधी गाणं-बजावणं असतं. यंदा मी हट्ट धरलाय की त्यात निदान वीस मिनिटं शोरो वाजवायचा.

ज्यांनी ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हे ब्राझीलमधलं, रिओ द जानेरोचं वाद्यसंगीत. १८७० च्या सुमारास जोआकिम कालादो या बासरीवाल्याने बासरी, दोन गिटार आणि काव्हाकिन्यो, म्हणजे चार तारांचं टीचभर गिटार, एवढ्यावर मैफल जमवली, तिथून ते वाढलं. पुढे मँडोलिन आलं, खंजिरीसारखं पांदेइरो आलं. माणसं टेबलाभोवती गोल बसतात आणि एकमेकांकडे बघत वाजवतात.

मी यात आलो तो जाकॉब दो बांदोलिम या तिकडच्या मँडोलिनवाल्यामुळे. मँडोलिनवाले लांब सूर आला की थरथराट सुरू करतात, मीही तेच करत आलो. जाकॉब काही सूर एकाच आघातावर सोडून देतो, ते विरतात तोवर थांबतो आणि मग पुढच्या सुरांचा सडा पाडतो. आपले सीतामऊचे, सिनेसंगीतकार आणि मँडोलिनवादक सज्जाद हुसेन १९१७ चे, जाकॉब १९१८ चा. दोघांच्या हातात आठ तारांचं वाद्य. सज्जादसाहेबांनी त्यातून मींड काढली, जाकॉबने रिओ उभं केलं. हे दोघे एका रात्री, एका गच्चीवर ऐकवावेत अशी फार इच्छा आहे.

आता अडचण. मी मँडोलिनवर, पुतण्या बासरीवर, शेजारची इंजिनीअरिंगला असलेली मुलगी गिटारवर आणि तबल्यावर माझे जुने मित्र. त्यांचा हात फार गोड आहे, पण त्यांनी केहरवा धरला की दोन मिनिटांत सगळ्याचं ऑर्केस्ट्रातलं गाणं होतं. लय चुकत नाही, तरी शोरो राहत नाही. काय करावं?

सात_तारा_बडोदा:
दादा, विषय काढलात, बरं वाटलं. मी गिटारवाला आहे, तेव्हा गिटारच्या बाजूने सांगतो.

तुमची अडचण केहरव्याची नाही, डग्ग्याची आहे. शोरोत चाल मँडोलिन किंवा बासरीकडे असते हे खरं, पण त्या चालीला उत्तर देणारा आवाज खालून, गिटारच्या जाड तारांवरून येतो. चाल जिथे श्वास घेते तिथे गिटार खर्जात चार-सहा सुरांची ओळ सोडतं आणि पुढच्या कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छावर, जाऊन उतरतं. याला तिकडे बायशारिया म्हणतात. त्यासाठी सहा तारांच्या गिटारला सातवी, आणखी खालची तार जोडली गेली, आणि दिनो सेते कोर्दास या वादकाने ती घराघरांत पोचवली. डग्ग्याची घुमक नेमकी त्याच पट्टीत बसते. ती मुलगी कितीही छान वाजवू दे, तिची ओळ घुमकेखाली दबते आणि उरते ती नुसती चाल आणि ठेका. मग ते सिनेमाचं गाणं वाटणारच.

१९४६ पासूनची पिशिंगिन्या आणि बेनेदितो लासेर्दा यांची ध्वनिमुद्रणं मिळवून ऐका. लासेर्दा बासरीवर चाल वाजवतो आणि पिशिंगिन्या सॅक्सोफोनवर खालून बोलत राहतो. पिशिंगिन्या स्वतः बासरीतला केवढा मोठा माणूस, १९२२ मध्ये आपला ताफा घेऊन पॅरिस गाजवून आलेला! तरी इथे खालची बाजू घेऊन बसलाय, आणि माझं मन विचाराल तर त्या ध्वनिमुद्रणांत कान त्याच्याकडेच जातो. दिनोने आपल्या गिटारसाठी बरंच काही तिथूनच उचललं. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा चाल सोडून द्या, फक्त सॅक्सोफोन ऐका.

तुमच्या गिटारवाल्या मुलीला सातवी तार नको. सर्वात जाड तार ई वरून डी वर उतरवा, कोजागिरीपुरतं भागेल.

तबलेवाल्या मित्रांच्या हातात खंजिरी द्या. बोटं तयार आहेत, त्यांना वेळ लागणार नाही. पांदेइरोचा मूळ हात असा: अंगठा, बोटांची टोकं, तळव्याची टाच, पुन्हा टोकं. एका मात्रेचे चार भाग, सारखे आणि न थांबता. ज्या हातात वाद्य धरलंय त्याचं मधलं बोट आतून कातडीला टेकवलं की अंगठ्याचा आवाज बंद होतो, उचललं की खुलतो. सगळा ठेका त्या बोटात आहे. आपल्या खंजिरीच्या झांजा फार वेळ वाजत राहतात, पांदेइरोच्या वाटीसारख्या आणि कोरड्या असतात. प्रत्येक जोडीतल्या एका चकतीवर आतून कापडी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा.

आणि सुरुवातीच्या तालमी गिटार आणि खंजिरी दोघांच्याच घ्या. तुम्ही मँडोलिन घेऊन बसू नका.

ग्वाल्हेर_लष्कर:
आम्ही गाण्यातली माणसं, कॉर्डचं फार कळत नाही, पण 'तिको-तिको नो फुबा' बसवताना एक जाणवलं ते लिहितो. १९१७ ची, झेकिन्या दे आब्रेऊची ही चीज बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेली असते. पहिला भाग कोमल गंधाराचा. दुसऱ्या भागात षड्ज तोच, पण गंधार शुद्ध. तिसऱ्या भागात पहिल्याचा कोमल गंधारच षड्ज होऊन बसतो, म्हणजे सरळ मूर्च्छना! आणि शेवटी पहिला भाग पुन्हा, मुखड्यावर यावं तसा. जुन्या शोरोंचा साचा बहुधा असाच तीन भागांचा असतो. तेव्हा सज्जादसाहेबांचं वाजवून झालं की तानपुऱ्याचं ॲप आठवणीने बंद करा. तिसऱ्या भागात तो जुना षड्ज कानाला टोचतो.

राजेंद्रनगर_मँडोलिन:
दोघांचेही मनापासून आभार. काल डग्गा न घेता बसलो. मित्राने आधी तोंड पाडलं, पण खंजिरी हातात घेतली आणि मधल्या बोटाची गंमत कळल्यावर खाली ठेवेनात. त्या मुलीचं गिटार पहिल्यांदा नीट ऐकू आलं. मी एक ओळ वाजवून थांबलो तर तिने खालून अशी काही जागा भरली की पुढची ओळ घ्यायची मला घाईच वाटेना.

आता दोन शंका. पुतण्याच्या बासरीला 'तिको-तिको'चा वेग आणि बदलता षड्ज झेपेना, अर्धी भोकं दाबून सूर साफ येत नाहीत. आणि काव्हाकिन्योच्या जागी घरात युकुलेले पडलंय, त्याला मँडोलिनच्या तारा चढवल्या तर?

सात_तारा_बडोदा:
युकुलेलेला स्टीलच्या तारा अजिबात नको, ताणाने ब्रिज उखडेल. आहे त्याच नायलॉनच्या तारांवर छोट्या, तुटक कॉर्ड धरायला सांगा, हात खंजिरीच्या झांजांबरोबर चालला पाहिजे.

पुतण्याला 'तिको-तिको'त पहिलाच भाग द्या, तोही शेवटी परत येतो तेव्हा, तुमच्याबरोबर. त्याच्यासाठी वेगळी, संथ चीज घ्या: कालादोची 'फ्लोर आमोरोझा', १८८० च्या सुमाराची. कालादोची बासरीही लाकडीच होती. त्या चीजेत मँडोलिनने चाल घेऊ नये. तुम्ही खालच्या दोन तारांवर उत्तरं द्या, आणि गिटारच्या मुलीला विचारून द्या, नाहीतर दोघं एकाच जागी बोलाल.

तालमीचं ध्वनिमुद्रण इथे टाका. मी गिटारच्या ओळी कागदावर उतरवून पाठवतो.