‘नस’ कोणती? धमनी, शिरा आणि ‘नसांचे डॉक्टर’ या शब्दांविषयी

प्रश्न (अनुवादक, धरमपेठ)

नमस्कार. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळासाठी पायांच्या रक्तपुरवठ्याच्या आजारांवरील एक माहितीपत्रक मी इंग्रजीवरून मराठीत आणत आहे. मंडळातील काहींचे म्हणणे असे, की सगळीकडे ‘नस’ हाच शब्द ठेवावा, कारण नागपुरात तो समजत नाही असा माणूस नाही. सलाइन लावताना परिचारिका ‘नस लागत नाही’ म्हणते, रात्री पोटरीत गोळा आला की आपण ‘नस चढली’ म्हणतो, आणि कंबरेतून पायात कळ गेली की ‘नस दबली’ म्हणतो. इतरांना शाळेतले ‘रोहिणी’ आणि ‘नीला’ हे शब्द हवे आहेत, तर नातवंडांच्या पुस्तकात ‘धमनी’ आणि ‘शिरा’ असे छापलेले दिसते. यांपैकी कोणते शब्द घ्यावेत? व्हॅस्क्युलर सर्जनला ‘नसांचे डॉक्टर’ म्हटले तर चालेल का?

प्रतिसाद (निवृत्त मराठी शिक्षक, महाल)

आपण दिलेल्या तीन उदाहरणांत ‘नस’ या एकाच शब्दाने तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत. सलाइनची नस ही शिरा, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणारी वाहिनी. चढलेली नस हा आखडलेला स्नायू. आणि दबलेली नस हा मज्जातंतू, ज्याला शालेय पुस्तकांत ‘चेता’ म्हणतात. घोट्यामागची जाड दोरी, म्हणजे कंडरा, हिलाही लोक नसच म्हणतात. ‘शीर’ या शब्दाचीही गत फारशी निराळी नाही; तो संस्कृत ‘सिरा’ किंवा ‘शिरा’ यावरून आला, पण कपाळावरची शीर तटतटते ती रक्ताची आणि मानेची शीर धरते ती स्नायूची.

‘रोहिणी’ आणि ‘नीला’ यांची कुळकथा मात्र ऐकण्यासारखी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सातशे सिरा सांगितल्या असून त्यांचे चार गट केले आहेत: वात वाहणाऱ्या अरुणा, पित्त वाहणाऱ्या नीला, कफ वाहणाऱ्या गौरी आणि रक्त वाहणाऱ्या रोहिणी. आधुनिक शरीरशास्त्र मराठीत आले तेव्हा त्यांतील दोन नावे उचलून त्यांना नवे अर्थ दिले गेले (रोहिणी म्हणजे धमनी, हृदयातून रक्त बाहेर नेणारी वाहिनी; नीला म्हणजे शिरा), आणि अरुणा व गौरी मागे राहिल्या. ‘धमनी’ हा शब्द ‘ध्मा’, म्हणजे फुंकणे, या धातूशी जोडलेला आहे. गंमत अशी, की ग्रीकांचा ‘आर्टेरिया’ हा शब्दही श्वासनलिका आणि धमनी या दोहोंसाठी वापरला जाई, कारण प्रेतात धमन्या रिकाम्या आढळत आणि त्यांतून हवा खेळते अशी समजूत होती. रक्त हृदयातून निघून फिरून हृदयातच येते, हे विल्यम हार्वे यांनी १६२८ साली मांडले, तेव्हा त्या समजुतीचा उरलासुरला आधारही गेला. शब्द मात्र टिकले.

माझे मत ‘धमनी’ आणि ‘शिरा’ यांच्या बाजूने आहे. ‘रोहिणी’ ऐकून आमच्या पिढीला नक्षत्र आठवते, आणि ‘शिरा’ ऐकून कोणाला सत्यनारायणाचा प्रसाद आठवला तरी संदर्भाने ती अडचण सुटते. आणखी एक इशारा. हिंदीत ‘स्नायु’ म्हणजे मज्जातंतू, मराठीत ‘स्नायू’ म्हणजे मांसपेशी. नागपुरात हिंदी जाहिराती घराघरांत पोचत असल्यामुळे ‘स्नायु दुर्बलता’ वाचून हातापायांतली ताकद गेली असे समजणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून माहितीपत्रकात हा शब्द जपून वापरावा.

प्रतिसाद (रक्तवाहिनी शल्यचिकित्सक, रामदासपेठ)

सरांनी शब्दांची बाजू मांडली आहे, म्हणून मी दवाखान्यातली बाजू सांगतो. ‘नसांचे डॉक्टर’ हा प्रयोग टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पायाला रक्त कमी पडणारा रुग्ण ‘नस दबली असेल’ असे ऐकून आधी कंबरेची तपासणी करतो, मग मालीश करून घेतो, आणि बोट काळे पडल्यावर आमच्याकडे येतो. त्यात रुग्णाची चूक म्हणता येत नाही, कारण त्याला मिळालेला शब्दच दोन दिशांना बोट दाखवत होता.

फरक ओळखणे तसे कठीण नाही. धमनीच्या आतील भिंतीत चरबी आणि चुन्याचे थर साचून ती अरुंद झाली, की चालताना पोटरीच्या स्नायूला लागणारे जादा रक्त पोचत नाही. मग साधारण ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी, मांडी किंवा कुल्ला आवळून दुखू लागतो, माणूस नुसता उभा राहिला तरी काही मिनिटांत दुखणे थांबते, आणि पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा सुरू होते. बर्डीच्या मुख्य रस्त्यावर दर काही दुकानांनंतर काचेतल्या वस्तू पाहण्याच्या निमित्ताने थांबणारे काका खरेदीसाठीच थांबतात असे नाही. कण्यात मज्जातंतू दाबले गेल्यामुळे होणारे दुखणे निराळे असते: ते नुसते उभे राहिल्यानेही येते, उभे राहून शमत नाही, आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर उतरते. अशा रुग्णाला सायकल चालवताना बहुधा त्रास होत नाही. धमनीच्या रुग्णाला होतो.

पुढची पायरी म्हणजे न चालताही दुखणे. रात्री आडवे झाल्यावर पावलात किंवा बोटांत आग होते आणि पाय खाटेखाली सोडला की बरे वाटते, कारण गुरुत्वाकर्षणाने थोडे रक्त खाली उतरते. हे लक्षण, किंवा बोटावरची न भरणारी जखम, किंवा काळे पडलेले बोट दिसले, तर पाय वाचवण्यासाठी हाताशी फार दिवस नाहीत असे समजून लगेच रक्तवाहिनी शल्यचिकित्सकाला दाखवावे. नुसते चालताना दुखत असेल तर घाबरून जाण्याचे कारण नाही. अशा बहुतेक रुग्णांचा पाय जात नाही. तंबाखू बंद करणे, साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल आवाक्यात ठेवणे, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेणे आणि दुखेपर्यंत चालून, थांबून, पुन्हा चालणे असा व्यायाम महिनोन्‌महिने नेटाने करणे, यांवरच पुष्कळांचे भागते.

पहिली तपासणी अगदी साधी आहे. घोट्याजवळचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब मोजून पहिल्याला दुसऱ्याने भागतात. उत्तर १ च्या आसपास असेल तर ठीक, ०.९ किंवा त्याहून कमी आले तर पायाच्या धमनीत अडथळा आहे असे धरतात. मधुमेहात धमनीची भिंत चुन्यामुळे कडक होऊन दाबली जात नाही, म्हणून आकडा १.४ च्या वर जातो, आणि तो चांगला आहे असा उलटा समज होतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो.

मधुमेहाचा उल्लेख आलाच आहे तर ‘नस’ या शब्दाचा सर्वांत मोठा घोळ तिथेच आहे. त्या आजारात धमनी आणि मज्जातंतू दोन्ही बिघडतात. मज्जातंतू बधिर झाले की धमनी बंद पडत असल्याची वेदनाच कळत नाही, म्हणजे एका ‘नसे’चा आजार दुसऱ्या ‘नसे’च्या आजाराला झाकून टाकतो. मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालून आलेले फोड काही रुग्णांना घरी पाय धुताना दिसतात, तोवर त्यांना पत्ताही नसतो.

प्रश्नकर्ती

डॉक्टरसाहेब, आभारी आहे. मूळ पत्रकात चालताना येणाऱ्या दुखण्याला ‘क्लॉडिकेशन’ म्हटले आहे. त्याला मराठीत काय म्हणावे? आणि ‘रक्ताची गाठ’ हा प्रयोग ठेवू का?

प्रतिसाद (निवृत्त मराठी शिक्षक, महाल)

‘क्लॉडिकेशन’च्या मुळाशी लॅटिनमधले लंगडणे आहे. तसे भाषांतर केले तर आपला पाय लंगडत नाही म्हणून रुग्ण स्वतःला त्यातून वगळेल. ‘चालल्यावर येणारे आणि थांबल्यावर जाणारे पोटरीचे दुखणे’ एवढे लांबलचक लिहावे. माहितीपत्रकात संज्ञेपेक्षा वर्णनच कामाला येते.

‘गाठ’ मात्र बदलावी. आपल्याकडे गाठ म्हटले की मनात पहिल्यांदा कर्करोग येतो. ‘गुठळी’ हा शब्द नेमका आहे, कारण दुधाच्या किंवा पिठाच्या गुठळीप्रमाणे तोही पातळ पदार्थ घट्ट होण्यासाठीच वापरला जातो.

प्रतिसाद (औषध विक्रेते, इतवारी)

‘नसा फुगल्या’ असे म्हणून लोक दुकानातून पायांचे घट्ट मोजे परस्पर मागून नेतात. याविषयी पत्रकात काही लिहिता येईल का? शिवाय विदर्भात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, खाणारा माणूस ‘मी विडी-सिगारेट ओढत नाही’ असे म्हणून तंबाखूच्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देतो, तेही ध्यानात घ्यावे.

प्रतिसाद (रक्तवाहिनी शल्यचिकित्सक, रामदासपेठ)

दोन्ही मुद्दे पत्रकात अवश्य यावेत. फुगलेल्या, वेड्यावाकड्या निळसर नसा या शिरा असतात; त्यांच्या आतील झडपा निकामी झाल्यामुळे रक्त खाली साचते. पाय जड होतो, संध्याकाळी सूज येते, पुढे घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळपट होऊन जखम होते. त्यावर घट्ट मोजे उपयोगी पडतात. पण त्याच पायाची धमनी अरुंद असेल, तर तेच मोजे उरलासुरला रक्तपुरवठाही आवळतात. म्हणून मोजे घालण्यापूर्वी पायाच्या नाडीची तपासणी आणि वर सांगितलेले रक्तदाबाचे मोजमाप झाले पाहिजे. ‘शिरा’ आणि ‘धमनी’ हे दोन शब्द वेगळे ठेवण्याचे याहून ठोस कारण मला देता येणार नाही.

जखम कोठे आहे यावरूनही बराच बोध होतो. शिरांची जखम घोट्याच्या आतल्या बाजूला, थोडी वर असते. धमनीची बोटांच्या टोकांवर किंवा टाचेवर, आणि ती फार दुखते. बधिर पायाची तळव्यावर, जिथे दाब पडतो तिथे, आणि ती दुखत नाही. आपल्याकडे घोट्याजवळची जुनाट जखम तरुण माणसाला असेल तर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणीही करावी, कारण विदर्भात तो आजार बराच आढळतो. तसेच पूर्व विदर्भात पायाची सूज म्हटली की हत्तीरोग आठवतो. तो लसीकावाहिन्यांचा, म्हणजे ऊतींतला द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांचा, आजार आहे, शिरांचा नाही. सूज मात्र दोन्ही ठिकाणी सूजच दिसते.

एकाच पायाला एकाएकी सूज आली, पोटरी दुखू लागली, पाय गरम लागला, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणानंतर किंवा दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहिल्यावर, तर खोलवरच्या शिरेत गुठळी झाल्याची शंका घ्यावी आणि सोनोग्राफी त्याच दिवशी करून घ्यावी. असा पाय ‘नस मोकळी करायची’ म्हणून चोळू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर दम लागतो, छातीत कळ येते आणि जीवही जाऊ शकतो.

खर्ऱ्याविषयी. धमन्या अरुंद होण्यात धूम्रपानाचा वाटा सर्वांत ठळक आहे, परंतु ‘बर्गर’ नावाचा आजार, ज्याचे सविस्तर वर्णन लिओ बर्गर यांनी १९०८ साली केले, तो तंबाखू वापरणाऱ्या तुलनेने तरुण माणसांच्या हातापायांच्या लहान धमन्या बंद पाडतो, आणि त्यात तंबाखू कोणत्याही रूपात चालत नाही, मग ती विडी असो, खर्रा असो वा मशेरी. पत्रकात ‘धूम्रपान करता का’ असे न विचारता ‘तंबाखू कोणत्याही प्रकारे घेता का’ असे विचारावे.

आता ज्यासाठी दूरध्वनीवर वेळ ठरवत बसू नये अशा गोष्टी. पाय किंवा हात एकाएकी दुखू लागला, पांढरा आणि थंड पडला, नाडी लागेना, मुंग्या येऊन हलवता येईना, तर धमनी अचानक बंद झाली आहे असे समजावे. अशा वेळी तास मोजले जातात; साधारण सहा तासांनंतर स्नायूंचे नुकसान भरून न येणारे होऊ लागते. घराजवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात जावे, मग ते मेडिकल असो, मेयो असो वा मिहानमधील एम्स. तोंड वाकडे होणे, एका हातातली शक्ती जाणे, बोबडे बोलणे, ही लक्षणे काही मिनिटांत आपोआप गेली तरी रुग्णालयात जायचेच. त्यामागे मानेतील धमनीचा अडथळा असू शकतो, आणि ती धमनी साफ करण्याचे काम आमच्या विभागाचे आहे.

पोटातील महाधमनी फुग्यासारखी फुगणे हा आणखी एक आजार, जो बरेचदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत अचानक सापडतो. आइनस्टाइन १९५५ साली तीच धमनी फुटून गेले. पुरुषांत तिची रुंदी साडेपाच सेंटिमीटरपर्यंत पोचली, की सामान्यतः शस्त्रक्रियेचा विचार करतात. त्याआधी ठरावीक अंतराने मोजत राहतात. पोटात किंवा पाठीत एकाएकी असह्य दुखून घेरी आली, तर मात्र ते रुग्णालयाचे काम आहे.

प्रश्नकर्ती

मग मथळ्यात ‘रक्तवाहिनी शल्यचिकित्सक’ लिहू, आणि पुढे ‘व्हॅस्क्युलर सर्जन’ देऊ? मंडळातल्या एका काकूंची शंका अशी, की शल्यचिकित्सक म्हटले की लोक शस्त्रक्रियेच्या भीतीने जाणारच नाहीत.

प्रतिसाद (रक्तवाहिनी शल्यचिकित्सक, रामदासपेठ)

दोन्ही नावे द्या. पाटीवर आणि चिठ्ठीवर लोकांना ‘व्हॅस्क्युलर सर्जन’ हेच दिसणार आहे. काकूंसाठी एक ओळ घाला, की हृदय आणि मेंदूच्या आतल्या वाहिन्या सोडून शरीरातील इतर धमन्या आणि शिरा पाहणारा हा डॉक्टर आहे, आणि त्याच्याकडे आलेल्या पुष्कळ रुग्णांना गोळ्या, चालणे आणि तपासणीच्या पुढच्या तारखेपलीकडे काही लागत नाही. ‘अँजिओप्लास्टी’ हा शब्द आला तर तिथे ‘पायाची’ हे विशेषण विसरू नका. नागपुरात अँजिओप्लास्टी म्हटली की ती हृदयाचीच असे गृहीत धरतात, आणि पायासाठी ती सुचवली की घरचे लोक हृदयविकाराच्या धास्तीने गोळा होतात.

प्रतिसाद (निवृत्त मराठी शिक्षक, महाल)

‘नस’ पत्रकातून अगदी हद्दपार करू नये, ही विनंती. पहिल्याच परिच्छेदात ‘आपण ज्याला नस म्हणतो, त्यात धमनी, शिरा आणि मज्जातंतू हे तिन्ही येतात; या पत्रकात पहिल्या दोहोंविषयी लिहिले आहे’ असे एक वाक्य टाकावे, आणि पुढे तो शब्द पुन्हा वापरू नये. शुद्धलेखनाचेही पाहावे: ‘धमनी’चे अनेकवचन ‘धमन्या’, ‘शिरा’चे अनेकवचन ‘शिरा’च, आणि ‘रक्तवाहिनी’तला ‘हि’ ऱ्हस्व.