पहिल्या डेटसाठी वाईन कुठली मागवू? मदत हवी आहे

मंडळी, शनिवारी एका मुलीला पहिल्यांदाच निवांत भेटतोय, जेवायला, आणि वाईन निवडायचं तिने माझ्यावर सोडलंय. तिच्याकडून एवढंच कळलंय की वाईन आवडते पण गोड नको, आणि रेड प्यायली की तोंड कोरडं पडतं. मला मनापासून वाटतंय की पहिल्या घोटालाच तिला छान वाटावं, लेबल कितीही भारी असलं आणि तिने ग्लास तसाच ठेवला तर काय उपयोग.

तोंड कोरडं पडतं ते टॅनिन नावाच्या तुरट घटकामुळे, ते द्राक्षाच्या सालीतनं आणि बियांतनं येतं, म्हणून कॅबर्ने सोविन्यों आणि शिराज आधीच बाद केल्या. रेडच घ्यायची तर पिनो न्वार चालेल का? साल पातळ, टॅनिन कमी, आणि जरा गार करूनही छान लागते. रेडचा त्रास होणाऱ्या कुणी प्यायली असेल तर प्लीज सांगा.

व्हाईटमध्ये सोविन्यों ब्लां डोक्यात आहे, ताजी आंबटसर असते, टॅनिन जवळपास नाहीच, पण तिचा तो कापलेल्या गवताचा, ढोबळ्या मिरचीचा वास सगळ्यांना झेपत नाही ना. रीसलिंग गोडही असते आणि ड्राय म्हणजे गोड नसलेलीही, त्यामुळे जर्मन बाटलीवर 'ट्रॉकन' (जर्मनमध्ये ड्राय) लिहिलेलं असेल तरच घेईन.

आणि मग स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाईन. इथे एक गोष्ट कळली ती इतरांच्याही उपयोगी पडेल, प्रोसेकोवर (इटलीची स्पार्कलिंग) 'एक्स्ट्रा ड्राय' असेल तर ती 'ब्रूट' या कमी साखरेच्या प्रकारापेक्षा गोड असते, ब्रूटमध्ये लिटरला 12 ग्रॅमपर्यंत साखर आणि एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17. तिला गोड नको म्हणजे ब्रूटच बरी, अल्कोहोलही साधारण 11-12 टक्के, बऱ्याच रेड 14 च्या आसपास जातात.

आता खरा प्रश्न, बाटली की ग्लास? बाटली 750 मिलीची, म्हणजे 150 चे 5 ग्लास, दोघांत अडीच अडीच. पहिल्या भेटीत मला ते जास्त वाटतंय, मला तिच्याशी नीट बोलायचंय आणि तिला कुठलंही प्रेशर नको. पण एकेक ग्लास मागवला तर स्पार्कलिंगची बाटली आधीच उघडलेली, गॅस गेलेली निघाली तर? वेटरला कधी उघडली ते विचारलं तर चालतं का?

सध्या मन ब्रूटकडे झुकतंय. पहिला ग्लास तो आणि पुढचं तिला विचारून, असं ठरवू का?