टॉमटॉम आणि जुन्या गार्मिनवर लाइव्ह ट्रॅफिक कसं सुरू करायचं? स्टुटगार्ट ते मिलान

नेकारकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मुक्काम स्टुटगार्ट. दोन गाड्या आणि दोन वेगवेगळी जीपीएस यंत्रं आहेत, दोन्ही वापरलेली विकत घेतलेली.

पहिलं, टॉमटॉम गो ५१०. नकाशा ताजा केला आहे, नव्या अँड्रॉइड फोनशी ब्लूटूथ जोडलं आहे, फोनवरचे कॉल यंत्रावर व्यवस्थित येतात. तरी ट्रॅफिक मात्र येत नाही.

दुसरं, गार्मिन नुवी २५९७ एलएमटी. याची मूळ गाडीतली केबल आधीच्या मालकाकडेच राहिली. साधी मिनी-यूएसबी केबल लायटरच्या सॉकेटला लावली तर चार्ज होतं, पण पडद्यावर कॉम्प्युटरचं चित्र येऊन बसतं आणि नकाशा दिसत नाही.

ईस्टरच्या सुट्टीत झुरिच, गोटहार्डचा बोगदा करत मिलानला जायचं आहे. यातलं कोणतं यंत्र न्यावं? स्वित्झर्लंडमध्ये ट्रॅफिक चालेल का, डेटा किती जाईल? फोन कॉलसाठी मोकळा ठेवायचा आहे, म्हणून फोनवरच नकाशा लावा हे उत्तर कृपया नको.

वळणवाट

टॉमटॉमचं आधी सांगतो, ते सोपं आहे.

कॉल येतात यावरून ब्लूटूथ जोडलेलं आहे एवढंच कळतं. कॉलसाठी ब्लूटूथचं एक प्रोफाइल लागतं आणि इंटरनेट पुरवायला दुसरं, पॅन नावाचं. गो ५१० मध्ये स्वतःचं सिम नाही. ते फोनकडून इंटरनेट मागून घेतं, आणि फोनने ते द्यायचं ठरवलं नसेल तर कॉल चालू राहतात पण ट्रॅफिक येत नाही. सिम आतच असलेलं यंत्र हवं तर ते ५१०० आणि ६१००. नावात एक शून्य जास्त आहे, म्हणून जुन्या बाजारात घेताना लोक हमखास गोंधळतात.

या क्रमाने करा:

१. फोनचं वाय-फाय बंद आणि मोबाइल डेटा चालू ठेवा. घराखाली उभ्या गाडीत फोन घरच्या अर्धवट वाय-फायला चिकटून राहतो आणि चाचणी फसते.

२. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंग उघडून ब्लूटूथ टेदरिंग, म्हणजे फोनचं इंटरनेट ब्लूटूथवरून दुसऱ्या यंत्राला देणं, चालू करा. वाय-फाय हॉटस्पॉट वेगळा, त्याचा इथे उपयोग नाही.

३. फोनच्या ब्लूटूथ यादीत टॉमटॉमच्या नावापुढचं चक्र दाबा आणि इंटरनेट शेअर करण्याची परवानगी दिलेली आहे का ते बघा.

४. टॉमटॉमवर सेटिंग, मग ब्लूटूथ. यादीत जुना फोन असेल तर काढून टाका. दोन फोन यादीत असले की यंत्र कधी कधी गाडीत नसलेल्या फोनच्याच मागे लागतं.

५. यंत्रावर टॉमटॉमच्या मायड्राइव्ह खात्यात तुमच्या नावाने लॉग-इन झालेलं पाहिजे. ट्रॅफिक सेवा खात्याशी बांधलेली असते. वापरलेल्या यंत्रात आधीच्या मालकाचं खातं राहिलं असेल तर सिस्टीममधून यंत्र रीसेट करा, मग कॉम्प्युटरवर मायड्राइव्ह कनेक्ट टाकून स्वतःच्या खात्यात जोडा. रीसेटमध्ये साठवलेली ठिकाणं जातात, ती आधी लिहून घ्या.

पुष्कळ अँड्रॉइड फोनवर फोन रीस्टार्ट झाला की ब्लूटूथ टेदरिंग आपोआप बंद होतं. म्हणजे रात्री फोनने स्वतःला अपडेट केलं की सकाळी ट्रॅफिक गायब. "काल चालत होतं, आज नाही" अशी तक्रार असेल तर आधी हेच बटण बघावं. आयफोनवर पर्सनल हॉटस्पॉटमध्ये इतरांना जोडू देण्याचं बटण चालू लागतं. आणि काही स्वस्त प्लॅनमध्ये कंपनी टेदरिंगच अडवते. तपासायचं तर त्याच फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून बघा. त्यावरही इंटरनेट आलं नाही तर दोष यंत्राचा नाही.

डेटाची काळजी करू नका. नकाशा यंत्रातच असतो, वरून येते ती फक्त कोणत्या रस्त्यावर किती उशीर याची माहिती. रोजच्या वापरातही महिन्याचा हिशोब काही एमबींतच राहतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. टॉमटॉमच्या नकाशात प्रत्येक रस्त्याचा दिवसाच्या वेळेनुसार सरासरी वेगही साठवलेला असतो. त्यामुळे इंटरनेट नसतानाही संध्याकाळी पाच वाजता ते लेओनबेर्गजवळचा रस्ता हळू धरतं आणि वेळ वाढवून सांगतं. बघणाऱ्याला वाटतं ट्रॅफिक चालू आहे. खरं लाइव्ह ओळखायचं तर उजवीकडच्या उभ्या पट्टीवर बघा. एखाद्या ठिकाणची रांग, तिचं कारण आणि मिनिटांतला उशीर तिथे दिसला, तरच माहिती ताजी.

तारजोड

आता गार्मिन. यात सगळा जीव केबलमध्ये आहे.

२५९७ एलएमटीमध्ये ट्रॅफिकचा रिसीव्हर यंत्रात नसून गाडीच्या मूळ पॉवर केबलमध्ये असतो, आणि त्याच केबलची तार अँटेनाचं काम करते. केबल गेली म्हणजे रिसीव्हरही गेला. कितीही सेटिंग उलटीपालटी केली तरी साध्या केबलवर ट्रॅफिक येणार नाही.

कॉम्प्युटरचं चित्र येण्याचं कारणही केबलच. मिनी-यूएसबीत पाच पिना असतात. चौथी पिन समोर काय जोडलं आहे हे यंत्राला सांगते. साध्या केबलमध्ये ती मोकळी सोडलेली असते, त्यामुळे नुवीला वाटतं आपण कॉम्प्युटरला लागलो आहोत. गार्मिनच्या गाडीच्या केबलमध्ये ती जोडलेली असते. बाजारात "गार्मिनसाठी" म्हणून मिळणाऱ्या स्वस्त केबलींनी नकाशा चालू होतो, कारण त्यांनी ती पिन तेवढी जोडलेली असते. रिसीव्हर त्यांत नसतो. तेव्हा विकत घेताना वर्णनात ट्रॅफिक रिसीव्हर असं स्पष्ट लिहिलेलं बघा आणि गार्मिनच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलच्या सुट्या भागांच्या यादीशी क्रमांक ताडून घ्या. अमेरिकेतून कुणी आणलेली केबल इथे चालेलच असं धरू नका.

ही माहिती येते कुठून? एफएम रेडिओवरून. केंद्राच्या गाण्या-बातम्यांसोबत ५७ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर आरडीएस नावाचा बारीक डेटा जातो, सेकंदाला जेमतेम ११८७.५ बिट. त्यातल्याच एका वाट्यात टीएमसीचे, म्हणजे वाहतुकीच्या खबरीचे, संदेश बसवलेले असतात. एवढ्या अरुंद वाटेतून रस्त्याचं नाव पाठवणं परवडत नाही, म्हणून फक्त आकडे जातात. ठिकाणाचा संकेतांक १६ बिटांचा, घटनेचा ११ बिटांचा. घटना म्हणजे रांग, अपघात, रस्ता बंद, काम चालू वगैरे. आकड्याचा अर्थ यंत्रातल्या नकाशातल्या तक्त्यात शोधला जातो. जर्मनीचा हा ठिकाणांचा तक्ता बास्ट ही सरकारी रस्ते संस्था सांभाळते.

यातून तीन गोष्टी निघतात, आणि बहुतेक तक्रारी त्यांतच मोडतात.

नकाशा जुना असेल तर नव्या चौकाचा संकेतांक तक्त्यात सापडत नाही. संदेश येतो, पण यंत्र तो गपचूप टाकून देतं. रिसीव्हरला दोष देण्याआधी नकाशा ताजा करा.

टीएमसीत महामार्ग आणि मोठे रस्ते येतात. शहरातल्या गल्ल्यांची कोंडी त्यात कधीच नव्हती, तिची अपेक्षा ठेवू नका.

माहिती एकेक करत फिरून येते. यंत्र चालू केल्यावर रिसीव्हर आधी टीएमसी देणारं केंद्र शोधतो, मग संदेश गोळा होतात. दहा-पंधरा मिनिटं द्या. बोगद्यात किंवा भुयारी पार्किंगमध्ये चाचणी घेऊ नका.

रिसेप्शनसाठी केबल गुंडाळी करून कप्प्यात कोंबू नका. समोरच्या काचेच्या कडेने ताणून वर न्या. डॅशकॅमचा किंवा स्वस्त यूएसबी चार्जरचा प्लग शेजारी असेल तर तो काढून बघा. त्यांतली वीज बदलणारी सर्किट नेमका एफएमचा पट्टा खराब करतात. गाडीच्या समोरच्या काचेत गरम करणाऱ्या तारा किंवा उन्हापासून वाचवणारा धातूचा थर असेल तर एफएम आणि जीपीएस दोन्ही कमजोर होतात. अशा काचेवर बहुधा आरशामागे ठिपक्यांचा मोकळा पट्टा सोडलेला असतो, यंत्र त्याच्या जवळ बसवा.

मग सेटिंगमध्ये ट्रॅफिक चालू आहे का बघा आणि सबस्क्रिप्शनची यादी उघडा. केबल सॉकेटला लागलेली आणि वीज चालू असतानाच रिसीव्हर तिथे दिसतो. नावातल्या एलएमटीचा अर्थ आयुष्यभर नकाशे आणि ट्रॅफिक, पण त्या आयुष्याची व्याख्या छोट्या अक्षरांत आहे. गार्मिनला पुरवठादाराकडून माहिती मिळेपर्यंत किंवा रिसीव्हर चालेपर्यंत, यातलं जे आधी संपेल ते. टॉमटॉमच्या लाइफटाइमची मर्यादाही कंपनी त्या मॉडेलला अपडेट देते तोवरच. वापरलेलं यंत्र घेताना पैसे याच हिशोबाने मोजावेत.

घाटमाथा

मिलानला टॉमटॉमच न्या. कारण स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, म्हणजे एसआरजीने, ३१ डिसेंबर २०२४ ला आपलं एफएम प्रसारण बंद करून सगळं डॅबवर, म्हणजे डिजिटल रेडिओवर, नेलं. त्या केंद्रांवरून येणारी टीएमसीही त्याबरोबर गेली. तुमच्या गार्मिनचा रिसीव्हर फक्त एफएम ऐकतो. नवी केबल घेतलीत तरी या प्रवासात तिच्यावर विसंबू नका. जर्मनीत रोजच्या वापराला ती ठीक आहे.

टॉमटॉमच्या बाबतीत अडचण रोमिंगची. युरोपीय संघात जून २०१७ पासून घरच्याच दराने रोमिंग मिळतं. स्वित्झर्लंड त्या नियमात बसत नाही. काही जर्मन प्लॅनमध्ये कंपनीने तो देश आपणहून घातलेला असतो, पुष्कळांत नसतो. प्लॅनच्या कागदात देशांची यादी बघा. नसेल तर एका दिवसाचा पॅक घ्या. रोमिंग चालू केल्यावर खर्च ट्रॅफिकचा होत नाही, फोटोंचा बॅकअप आणि व्हिडिओ बसल्या जागी डेटा खातात. फोनमध्ये डेटा सेव्हर चालू करा आणि ब्लूटूथ टेदरिंग तरीही चालतंय ना हे स्टुटगार्टमध्येच तपासा. काही फोन डेटा सेव्हर लावला की टेदरिंग बंद करतात. तसं झालं तर बॅकअप आणि ॲपचे अपडेट एकेक करून बंद करा.

आता मुख्य मुद्दा. गोटहार्डचा रस्त्याचा बोगदा जवळजवळ १७ किलोमीटरचा, एकच नळी, जाण्याला एक मार्गिका आणि येण्याला एक. ईस्टरला उत्तरेकडच्या तोंडाशी, ग्योशेनेनला, कित्येक किलोमीटरची रांग लागते. पर्याय सान बेर्नार्दिनोच्या घाटमार्गाचा, ए १३ महामार्गावरून. तो निवडायचा तर निर्णय झुरिचजवळ घ्यावा लागतो, कारण तिथून ए ३ ने सारगान्स, खूर असं जायचं असतं. ग्योशेनेनजवळ पोहोचल्यावर यंत्राने सांगून काही उपयोग नाही. दोन्ही रस्ते पुढे बेलिन्झोनाला एकत्र येतात.

म्हणून झुरिचच्या आधीच्या थांब्यावर, गाडी उभी करून, दोन्ही मार्ग काढून वेळ ताडा. त्या क्षणी दिसणारी रांग ही आत्ताची रांग आहे. तुम्ही तिथे पोहोचाल त्याला तासाहून जास्त वेळ आहे, आणि सुट्टीच्या सकाळी ती बहुधा वाढतच जाते. दोन मार्गांत दहा-पंधरा मिनिटांचाच फरक असेल तर मी सान बेर्नार्दिनो धरेन. सकाळी लवकर निघत असाल तर उलट, गोटहार्डच.

नियमावली

ट्रॅफिकबरोबर टॉमटॉमवर स्पीड कॅमेऱ्यांच्या सूचनाही येतात, त्या बंद करा. जर्मनीत चालकाने त्या वापरल्या तर ७५ युरो दंड आणि परवान्यावर एक दंडगुण. स्वित्झर्लंडमध्ये नियम आणखी कडक आहे, तिथे अशी सोय असलेलं यंत्र बरोबर बाळगणंही गुन्हा ठरतं. सीमेच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, आणि वेगळी टाकलेली कॅमेऱ्यांची यादी असेल तर ती यंत्रातून काढून टाका.

नेकारकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. टॉमटॉमचं जमलं, ब्लूटूथ टेदरिंगच बंद होतं. खात्यातही लॉग-इन केलं. एक शेवटचं : वेगवान मार्ग सापडला की यंत्राने आपणहून वळवावं, की विचारावं?

वळणवाट

विचारू द्या. सेटिंगमध्ये मार्ग नियोजनात तीन पर्याय आहेत : नेहमी वेगवान मार्ग घे, मला विचार, विचारू नको. पहिला लावला तर दोन-चार मिनिटांसाठी यंत्र महामार्गावरून खाली उतरवतं, आणि सुट्टीच्या दिवशी तीच शिफारस शेकडो गाड्यांना गेलेली असते, त्यामुळे गावातला रस्ताही तुंबतो. तिसरा लावला तर ग्योशेनेनची रांग दिसेल, पण पर्याय पुढे येणार नाही. "मला विचार" वर पट्टीत सूचना येते, किती मिनिटं वाचतील तेही लिहिलेलं असतं. पसंत असेल तर तिला बोट लावायचं.

आणि झुरिचवरून ए १३ कडे वळायचं ठरलंच, तर यंत्र नंतर पुन्हा गोटहार्ड सुचवायला लागू नये म्हणून खूर हा मधला थांबा टाकून ठेवा.