पैलवान बार्बेरियन: ग्रॅपलचा नियम नक्की कुठला, आणि पॉइंट कुठे घालायचे?

तालीमवाला_सोलापूर

डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून पात्रांच्या भूमिका खेळायचा खेळ), पाचवी आवृत्ती. सोलापुरात आमचा पाच जणांचा टेबल आहे. नवीन मोहिमेचा नकाशा डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) आपल्या भुईकोट किल्ल्यावरून बेतलाय: तट, बुरूज, खंदक आणि शेजारी तळं. सुरुवात पाचव्या लेव्हलपासून, २७ पॉइंट बाय (२७ गुण खर्चून ॲबिलिटी ठरवायच्या), वंश हाफ-ऑर्क ठरलाय.

मला खरा पैलवान करायचाय. म्हणजे कुऱ्हाड दुय्यम, आधी धरायचं, खाली घ्यायचं आणि उठू द्यायचं नाही. बार्बेरियन घेतोय, कारण रेजमध्ये (संतापात) स्ट्रेंथ चेकला, म्हणजे ताकदीच्या फाशाला, ॲडव्हांटेज मिळतो: दोनदा टाकून मोठा घ्यायचा. पण डीएम म्हणतात ग्रॅपलला (धरण्याला) सेव्हिंग थ्रो असतो, म्हणजे समोरच्याने बचावाचा फासा टाकायचा, आणि माझ्या पुस्तकात तर ॲथलेटिक्स कौशल्याची चुरस लिहिलीय, दोघांनी फासे टाकायची. बरोबर कोण? खाली पडलेला आणि धरलेला शत्रू त्याच्या पाळीत उठू शकतो का? रेकलेस अटॅकचा (बार्बेरियनच्या बेधडक वाराचा) ॲडव्हांटेज ग्रॅपलला लागतो का? आणि तटावरून खंदकात ढकलायचं असेल तर क्रम कसा लावायचा? जरा नीट सांगा की ओ, रविवारच्या आत शीट भरायचंय.

बुरूज_डीएम

अण्णा, तुम्ही दोघंही बरोबर आहात, फक्त पुस्तकं वेगळी आहेत. कॅरेक्टर बांधायच्या आधी हेच मिटवा, कारण तुमचा सगळा पैलवान यावर उभा आहे.

२०१४ च्या नियमात ग्रॅपल म्हणजे अटॅक ॲक्शनमधला एक वार सोडून त्याजागी केलेली चुरस. तुमचं ॲथलेटिक्स, समोरच्याचं ॲथलेटिक्स किंवा ॲक्रोबॅटिक्स, निवड त्याची. एक हात मोकळा हवा आणि समोरचा तुमच्यापेक्षा एका साइझहून जास्त मोठा नको. बरोबरी झाली तर आधीची स्थिती कायम, म्हणजे पकड लागली नाही.

२०२४ च्या सुधारित नियमात ग्रॅपल हा अनआर्म्ड स्ट्राइकचा (बिनशस्त्र वाराचा) एक पर्याय झाला. तिथे तुम्ही फासा टाकतच नाही. समोरचा स्ट्रेंथ किंवा डेक्स्टॅरिटीचा सेव्ह टाकतो, डीसी (त्याने गाठायचा आकडा) ८ अधिक तुमचा स्ट्रेंथ मॉडिफायर (ताकदीचा बोनस) अधिक प्रोफिशियन्सी बोनस (प्रावीण्याचा). तुमच्या लेव्हलला स्ट्रेंथ १८ धरली तर ८+४+३ = १५. रेजचा ॲडव्हांटेज तुमच्या स्वतःच्या चेकला असतो, त्यामुळे या डीसीला तो लागू होत नाही. ॲथलेटिक्समधली एक्सपर्टीजही (दुप्पट प्रोफिशियन्सी) पकड लावताना कामाची नाही.

फरक आकड्यात बघा. समोर ओगर (एक राक्षस), स्ट्रेंथ १९, म्हणजे +४, ॲथलेटिक्सची प्रोफिशियन्सी नाही. २०२४ च्या नियमाने तो डी२० वर (वीस बाजूंच्या फाशावर) १० किंवा कमी आला तरच अडकतो, म्हणजे बरोबर ५० टक्के. धरणं आणि पाडणं दोन्ही एका पाळीत जमायची शक्यता २५ टक्के. २०१४ च्या नियमाने नीट बांधलेला पैलवान याच्या तिप्पट जातो.

टेबलावर दोन्ही पुस्तकांची सरमिसळ असेल तर डीएमना एवढंच विचारा: ग्रॅपल आणि शव्ह (ढकलणं किंवा पाडणं) कुठल्या सालचे? एकदा ठरलं की मोहीमभर तेच. खेळाडूचा क्लास एका सालचा आणि ग्रॅपल दुसऱ्या सालचं असं ठेवलं की दर लढाईत वाद होतो, आणि त्यात चूक कुणाचीच नसते.

रेकलेस अटॅकचं उत्तर: नाही. तो ॲडव्हांटेज अटॅक रोलला आहे. २०१४ चं ग्रॅपल हा ॲबिलिटी चेक, आणि २०२४ मध्ये तर तुमचा रोलच नाही. उगाच रेकलेस जाहीर कराल तर तुमच्या पुढच्या पाळीपर्यंत सगळे तुमच्यावर ॲडव्हांटेजने वार करतील आणि हाती काही लागणार नाही.

हातमाग_०८

२०१४ धरून पॉइंट सांगतो.

स्ट्रेंथ १५, कॉन्स्टिट्यूशन १५, डेक्स्टॅरिटी १४, विजडम १०, बाकी दोन ८. खर्च ९+९+७+२ = २७. हाफ-ऑर्कचे +२ आणि +१ लावले की स्ट्रेंथ १७, कॉन्स्टिट्यूशन १६. चौथ्या लेव्हलला स्किल एक्सपर्ट ही फीट (खास गुण) घ्या: स्ट्रेंथ +१ होऊन १८, एक नवीन स्किल आणि ॲथलेटिक्सला एक्सपर्टीज. पाचव्या लेव्हलला ॲथलेटिक्स +४ +६ = +१०. हिट पॉइंट सरासरीने ५५. हाफ प्लेट चिलखत घातलं तर एसी (बचावाचा आकडा) १७, उघड्या अंगाने १५. जड चिलखत घालू नका, त्यात रेजचे फायदे बंद होतात.

आता तोच ओगर. नुसतं +७ (एक्सपर्टीज नसताना), ॲडव्हांटेज नाही: ६२ टक्के. +७ आणि रेज: ७८. +१० पण रेज नाही: ७४. +१० आणि रेज: ८७. धरणं आणि पाडणं लागोपाठ हवं असेल तर पहिल्या हिशोबाने ३८ टक्के, शेवटच्याने ७६. एक्सपर्टीज आणि रेज दोन्ही का लागतात ते इथे कळतं. एकट्याने दोन्ही डाव एका पाळीत भरवशाने बसत नाहीत.

तुमचा टेबल फक्त मोफत मिळणाऱ्या नियमसंचावर, एसआरडी ५.१ वर, चालत असेल तर मात्र हे जमणार नाही, कारण त्यात ग्रॅपलर ही एकच फीट आहे. तेव्हा स्ट्रेंथ १५, कॉन्स्टिट्यूशन १४, डेक्स्टॅरिटी १४, विजडम १२, बाकी ८. चौथ्या लेव्हलला स्ट्रेंथ आणि कॉन्स्टिट्यूशन एकेक वाढवा, १८ आणि १६ होतात. पाचवी लेव्हल बार्बेरियनचीच घ्या आणि सहाव्याला रोग (चोर) क्लासची एक लेव्हल घेऊन तिथून ॲथलेटिक्सची एक्सपर्टीज उचला. त्यासाठी डेक्स्टॅरिटी १३ लागते, ती तुमच्याकडे आहे. चार बार्बेरियन, एक रोग असं करू नका. एक्स्ट्रा अटॅक (पाळीतला दुसरा वार) हातचा जातो, आणि एका वारात एक तर धरता येतं किंवा पाडता येतं.

एसआरडीत बार्बेरियनचा मार्गही बर्सर्करचा एकच. तिथला फ्रेन्झी (रेजमध्ये आणखी बेभान होणं) या पैलवानाला घातक आहे. रेज संपली की एक्झॉशनची (थकव्याची) एक पायरी चढते, आणि पहिल्याच पायरीला सगळ्या ॲबिलिटी चेकवर डिसॲडव्हांटेज (दोन फाशांतला लहान घ्यायचा). पुढच्या लढाईत रेजचा ॲडव्हांटेज त्याच्याशी फिटतो आणि तुम्ही ७८ वरून ६२ वर येता. एक्झॉशन उतरायला लाँग रेस्ट (मोठी विश्रांती) लागते, अन्नपाण्यासकट, आणि तीही एका वेळी एकच पायरी उतरवते. फ्रेन्झी सक्तीचा नाही, दिवसाच्या शेवटच्या लढाईसाठी राखून ठेवा.

तालीमवाला_सोलापूर

डीएमशी बोललो. २०१४ पक्कं, स्किल एक्सपर्टलाही परवानगी दिली. मग आधी पाडायचं की आधी धरायचं? आणि आमच्यात एक तिरंदाज आहे, तिला याचा फायदा किती?

कब्जा_आणि_पट

मातीत आधी पट निघतो, मग कब्जा घेतात. इथे उलट करा: आधी ग्रॅपल, मग शव्ह करून प्रोन (आडवा). कारण साधं आहे. आधी पाडलं आणि पकड हुकली तर तो आपल्या पाळीत निम्मी चाल खर्चून उठतो, तुमची पाळी वाया. आधी धरलं आणि पाडणं हुकलं तर पकड तरी शिल्लक राहते, पुढच्या पाळीत पुन्हा पाडा.

दोन्ही बसलं की तो उठू शकत नाही. उठायला निम्मी चाल लागते आणि धरलेल्याची चाल शून्य. त्याला पूर्ण ॲक्शन खर्चून आधी पकड सोडवावी लागते, आणि तिथेही तुमचं ॲथलेटिक्स रेजच्या ॲडव्हांटेजसह पुन्हा आडवं येतं. तोवर ५ फुटांच्या आतल्या प्रत्येकाला त्याच्यावर ॲडव्हांटेज, त्याच्या वारांना डिसॲडव्हांटेज.

तिरंदाजाचं नीट ऐका, कारण इथे टेबलं बिघडतात. प्रोन शत्रूवर ५ फुटांपलीकडून केलेल्या वाराला डिसॲडव्हांटेज असतो. तुम्ही दर पाळीत पाडत राहिलात तर तिचा प्रत्येक बाण तुमच्यामुळे वाया जाईल. जवळ लढणारे दोघं-तिघं असतील तर पाडा. तिची पाळी तुमच्या लगेच मागे असेल तर नुसतं धरून ठेवा, दुसरा वार शस्त्राने करा. शीटवर पाळीचा क्रम लिहून ठेवलात तर हे आपोआप सुचतं.

शस्त्र एका हाताचं घ्या. बॅटल ॲक्स चांगली: एका हाताने १डी८ (आठ बाजूंचा एक फासा), आणि शत्रू निसटला तर दोन हातांनी १डी१०. ग्रेट ॲक्स एका हातात नुसती धरून दुसऱ्याने पकड लावता येते, पण पकड असेपर्यंत तिने वार करता येत नाही. ढाल नको, हात अडतो. दोन्ही हातांनी दोघांना धरायचं असेल तर लाथ आहेच: १+४ आणि रेजचे २, सरळ ७.

जादूगाराला धरलं म्हणून त्याची जादू थांबते असं समजू नका. धरलेला जादूगार हात हलवून मंत्र म्हणू शकतो, नियमात आडकाठी नाही. मिस्टी स्टेप या मंत्राला तर फक्त बोलावं लागतं, तो बोनस ॲक्शनमध्ये ३० फूट निसटतो. थंडरवेव्ह मंत्राने तुम्ही १० फूट ढकलले गेलात तरी पकड सुटते. भुतासारख्यांना ग्रॅपल आणि प्रोन दोन्ही लागत नाहीत, त्यांच्यासाठी कुऱ्हाड. मोठ्या ड्रॅगनसाठी विझर्डला एनलार्ज (मोठं करणारा मंत्र) घ्यायला सांगा. ॲडव्हांटेज दोनदा मिळत नाही, पण तुम्ही लार्ज साइझचे होता, मग ह्यूज साइझच्याला हात घालता येतो. मात्र विझर्डचं कॉन्सन्ट्रेशन (एकाग्रता) टिकलं तरच, तेव्हा त्याला मागे उभा करा.

बुरूज_डीएम

तटाचं राहिलं. ओढताना तुमची चाल निम्मी होते. पाचव्या लेव्हलच्या बार्बेरियनची ४० म्हणून २० फूट. काठापासून त्याहून लांब पकड लावलीत तर एक पाळी नुसती ओढण्यात जाईल. काठाजवळ आणलं की एक वार शव्हला, या वेळी पाडायला नाही, ५ फूट ढकलायला. तो तुमच्या आवाक्याबाहेर गेला की पकड आपोआप सुटते, तुम्ही सोबत पडत नाही. शव्ह तुमच्यापासून लांबच ढकलतो, त्यामुळे शत्रू तुमच्या आणि काठाच्या मधे हवा. ओढून आणलेला नेमका कुठल्या चौकोनात येतो हे डीएमना आधीच विचारून घ्या.

पडण्याचं नुकसान दर १० फुटांना १डी६. तट ३० फूट धरला तर ३डी६, सरासरी १०.५. ओगरचे हिट पॉइंट ५९, म्हणजे तो मरणार नाही. पण खंदकातून वर यायला त्याच्या दोन-तीन पाळ्या जातात आणि तेवढ्यात बाकीचे उरकता येतात. खंदकात पाणी असेल तर डीएमना विचारा, २०२४ मधला नियम उसना घेणार का: रिॲक्शन वापरून डीसी १५ चा ॲथलेटिक्स किंवा ॲक्रोबॅटिक्स जमला तर नुकसान निम्मं. घेतलात तर तुम्ही स्वतः तळ्यात उडी टाकाल तेव्हाही तो तुमच्या कामाला येईल, आणि +१० वर तुम्हाला फक्त ५ लागतो.