‘सोपा’ झाला म्हणजे जड झाला? – ट्रबल, १९९०

डोंबिवलीचा_डूम:
परवा इथंच एकानं लिहिलं, "ट्रबल या ख्रिस्ती प्रोग्रेसिव्ह डूम बँडचा १९९० चा अल्बम सगळ्यात जड आणि तरी सगळ्यात सोपा. नवख्यानं इथूनच सुरुवात करावी." खाली +१ ची रांग. (नवख्यांसाठी: डूम म्हणजे संथ, जड मेटल; प्रोग्रेसिव्ह म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं.) दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

जड कशाला म्हणता राव? १९८४ च्या अल्बमवर ‘द टेम्प्टर’ ऐका. फ्रँकलिन आणि वॉर्टेलच्या गिटारी ओला गालिचा ओढत नेल्यासारख्या चालतात. ‘द स्कल’वरचं ‘द विश’ तर अकरा मिनिटांच्या वर जातं, जीव नकोसा झालेल्या माणसाचं गाणं. १९९० मध्ये रिक रुबिन हा निर्माता आला. त्यानं सगळा घुमारा काढून टाकला, ड्रम पुढ्यात आणून बसवले आणि गाणी आटोपशीर केली. खणखणीत वाजतं, मान्य. पण खणखणीत म्हणजे जड नव्हे. स्टीलचं भांडंही खणखणीत वाजतं.

रंगभवनी:
असहमत. जड म्हणजे संथ, हा नियम कुणी केला? घुमारा काढला म्हणूनच रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी सुरावट, उघडा पडला. ‘अॅट द एंड ऑफ माय डेझ’ची सुरुवात चांगल्या स्पीकरवर ऐका. मोबाइलच्या इअरफोनवर डूम ऐकणाऱ्यांनी वजनाच्या गप्पा मारू नयेत. रुबिननं स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’ जेमतेम २९ मिनिटांत संपवला होता, तो कमी जड आहे का?

अवांतर: हे सगळं उघड्यावर ऐकायची मुंबईतली आमची जागा म्हणजे रंगभवन. तिथं आय-रॉक या रॉक महोत्सवाला पहिल्यांदा खरा बास पोटात जाणवला. पुढं शांतता क्षेत्र म्हणून ती जागाही गेली. गणपतीत मात्र सगळीकडं शांतताच असते, नाही का?

पावशेर:
रंगभवनाचं रडगाणं दर धाग्यावर येतं. चालू द्या.

प्रोग्रेसिव्ह कुठून काढलंत? ते हवं तर स्वीडनचा वेनी डॉमिने ऐका. १९९२ चा ‘फॉल बॅबिलॉन फॉल’, शेवटचं गाणं वीस मिनिटांच्या वर. ट्रबल म्हणजे सरळसरळ ब्लॅक सॅबथच्या वळणाचा बँड. आणि त्यांचा सेल्फ-टायटल्ड, म्हणजे बँडच्याच नावाचा, अल्बम सोपा? मी दोनदा प्रयत्न केला. रडतखडत चालतो आणि वर बायबल. गिटार लावलेलं कीर्तन. मला प्रवचनच ऐकायचं असतं तर घरी आजी आहे.

वसईकर:
भीमसेन जोशींचे अभंग ऐकताना कुणी तुमच्या गळ्यातली माळ तपासतं का? तिथं ‘स्वर’ आणि आमच्याकडं आलं की ‘प्रवचन’. छान.

शाळेत असताना एकानं ‘द स्कल’ची कॅसेट भरून दिली होती. वर पेनानं नाव लिहिलेलं. धर्मशिक्षणाच्या वर्गात आमच्या एका काकांनी ते ‘कवटी’ वाचलं आणि कॅसेट काढून घेतली. म्हणे, सैतानाचं संगीत घरात नको. त्याच काकांनी २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लावून आम्हा पोरांकडून मृतांसाठी प्रार्थना म्हणवून घेतली. कॅसेटवरचं पहिलं गाणं कुठलं? ‘प्रे फॉर द डेड’. मी आजोबांच्या कबरीपाशी उभा राहून मनात तोच रिफ वाजवत होतो. मेण बोटावर सांडलं तेव्हा भानावर आलो.

तर चर्चवाल्यांसाठी आम्ही सैतानी आणि तुमच्यासाठी कीर्तनकार.

पावशेर:
भावनिक होऊ नका. ‘व्हाइट मेटल’, म्हणजे ख्रिस्ती मेटल, म्हणून विकलं ते ट्रबलनंच ना?

वसईकर:
त्यांनी नाही, मेटल ब्लेड या त्यांच्या कंपनीनं. सैतानाचं नाव घेणाऱ्या ब्लॅक मेटलच्या समोर मांडायला शिक्का हवा होता. त्यांचा गायक एरिक वॅगनर कॅथलिक घरात वाढला, लहानपणी कानावर पडलं ते गाण्यात आलं.

आणि रूप एकाचं, श्रद्धा दुसऱ्याची, याचं एवढं नवल कशाला? फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं गोव्यात येशूची कथा ओवीत लिहिली, मराठीत; ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. तेव्हाही एखादा पावशेर म्हणाला असेल, ओवी लावलेलं बायबल.

सातारी_रिफ:
ख्रिस्तपुराणावर आलोच आहोत तर, ते खरं मराठीच का, की कोकणीची छटा जास्त?

रंगभवनी:
नको! त्या वादात मागचा धागा कुलूपबंद झालाय.

वसईकर:
स्टीफन्स स्वतः भाषा मराठी म्हणतो, तिचं कौतुक करतो. विषय संपला.

सातारी_रिफ:
संपत नसतो. ‘शुद्ध मराठी’ आणि ‘ब्राह्मणांची भास’ यांत फरक तोच करतो. घरी आमची आजी…

डोंबिवलीचा_डूम:
लोकहो, रिक रुबिन. १९९०. अल्बम.

पावशेर, एक शंका आहे. तुम्ही सेल्फ-टायटल्ड म्हणून नेमका कुठला ऐकलात? पहिलं गाणं कुठलं होतं?

पावशेर:
‘द टेम्प्टर’. का?

डोंबिवलीचा_डूम:
तो १९८४ चा. त्याचंही नाव ‘ट्रबल’च होतं. १९९० चाही ‘ट्रबल’ निघाला म्हणून पहिल्याला सगळे ‘साम ९’ (Psalm 9, बायबलमधलं नववं स्तोत्र) म्हणतात. म्हणजे तुम्ही काल दुपारपासून माझ्याच आवडत्या अल्बमला रडतखडत म्हणताय.

रंगभवनी:
😂 आणि नकळत माझीच बाजू लढवताय. बघा, नवख्याला पहिला अल्बम झेपला नाही.

पावशेर:
दोन अल्बमना एकच नाव देणाऱ्या बँडला जाब विचारा, मला नको. बरं, १९९० चा लावलाय. ‘द मिझरी शोज’पर्यंत आलो. वाईट नाही. एवढंच.

डोंबिवलीचा_डूम:
‘द मिझरी शोज’ माझ्याही काळजाला लागतं, हे रंगभवनीनं वाचू नये. पण हलकाच आहे अल्बम.

रंगभवनी:
वाचलं. स्क्रीनशॉट काढला.

वसईकर:
पावशेर, पूर्ण ऐका. शेवटचं गाणं ‘ऑल इज फरगिव्हन’ आहे.

पावशेर:
तिथवर पोचायला अजून वेळ आहे.