मुंगसाने तलंग (तरुण कोंबडी) फाडली आहे, सकाळपर्यंत काय करू?

परसदार:
आज साडेपाचला मुंगसाने खुराड्याबाहेर तलंग धरली. गावठी, सहा महिन्यांची, सव्वा किलोची. पंखाच्या मुळाशी पाठीवरची कातडी चार बोटं फाटून लोंबतेय, खालचं मांस दिसतंय. मानेला दातांची दोन भोकं. रक्त थांबत आलंय. डोळे मिटून बसलीय. आई हळद-खोबरेल भर म्हणते. दवाखाना सकाळीच उघडेल. रात्र कशी काढायची?

खुराडेवाला:
तेल अजिबात नको. पिसं चिकटली की ऊब धरत नाहीत, आणि उद्या टाका घालायचा झाला तर डॉक्टरला आधी तेच खरवडत बसावं लागेल. हळद तुटलेल्या नखाला ठीक, उघड्या मांसात नाही.

पंखांसकट टॉवेलात गुंडाळा, पण छातीवर आवळू नका. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड हललं तरच हवा आत जाते. पाय धरून उलटी तर मुळीच धरू नका. अजून रक्त झिरपत असेल तिथे स्वच्छ सुती कापड घड्याळ लावून पाच मिनिटं दाबा. मधेच उचलून बघितलं की गुठळी सुटते.

मग पुठ्ठ्याचा खोका घ्या आणि त्याला हवेसाठी भोकं पाडा. तळाला जुनं धोतर किंवा चादर. भुसा-पेंढा जखमेला चिकटतो. एका टोकाला, हातभर अंतरावर ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब, म्हणजे उकडलं तर तिला दुसरीकडे सरकता येईल. उजेड थेट अंगावर नको, मधे फडकं टांगा. एलईडीने ऊब मिळत नाही. बल्ब नसला तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून. खोक्यात २८-३० अंश पुरे. कोंबडीचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं. धक्क्याने गार पडली तर जखमेआधी त्यानेच जाते. म्हणून पहिला तासभर ऊब आणि शांतता, धुणं नंतर. बाकीच्या कोंबड्यांत सोडू नका, लाल दिसलं की त्याच टोचून मारतात.

गुरांचा डॉक्टर:
धुण्याबद्दल. एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात ९ ग्रॅम म्हणजे सपाट दीड चमचा मीठ. सुई काढलेल्या २० मिलीच्या सिरिंजने हलक्या धारेने माती, पिसांचे तुकडे काढा. कडेची पिसं कात्रीने कापा. उपटलीत तर कातडी आणखी फाटेल. नंतर ५ टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन दहापट पाण्यात, कोऱ्या चहाच्या रंगाचं. डेटॉल, फिनेल, हायड्रोजन पेरॉक्साइड नको, जिवंत मांसही जळतं. लोंबती कातडी कापू नका, जागेवर पसरून मिठाच्या पाण्यात भिजवलेलं गॉज वर ठेवा. ती सुकली नाही तर वाचते.

एक गोष्ट आधी बघा: श्वासागणिक जखमेतून बुडबुडे येतात का, किंवा भोवतालची कातडी फुगून बोटाखाली कुरकुरते का? तसं असेल तर हवेची पिशवी फुटली आहे. तिथे पाण्याची धार मारलीत तर पाणी थेट श्वासमार्गात जाईल.

मला पाठीपेक्षा मानेच्या भोकांची काळजी वाटते. ती वरून मिटतात आणि आत घाण राहते. कोंबडीचा पू पातळ होऊन वाहत नाही, पनीरसारखा घट्ट गोळा होतो. त्यामुळे प्रतिजैविक उद्याच सुरू व्हायला हवं. घरातली वेदनाशामक गोळी देऊ नका. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक, ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरतात म्हणून, २००६ पासून जनावरांसाठी बंद आहे, आणि ते कोंबडीचीही मूत्रपिंडं खराब करतं. मेलॉक्सिकॅम चालतं, पण वजनावर मात्रा डॉक्टरच ठरवतील. औषध चालू असताना आणि नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, तेही विचारून घ्या. जाणं जमत नसेल तर १९६२ वर फोन करून फिरतं पथक येतं का बघा.

परसदार:
धुतलं. बुडबुडे नाहीत, कुरकुर नाही. पाणी पीत नाही. ड्रॉपरने घशात घालू?

खुराडेवाला:
घशात नको. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, ठसका लागून मरेल. मान स्वतः उभी धरत असेल तरच चोचीच्या कडेला एक थेंब लावा, गिळला की दुसरा. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. दाण्याची घाई नाही. सकाळी मऊ भात आणि उकडलेलं अंडं कुस्करून. उद्या हिरवट शिट पडली तर दचकू नका, उपाशी कोंबडीची तशीच पडते.

डालगं:
दिवस पावसाळ्याचे आहेत, खोक्यावर आत्ताच मच्छरदाणी टाका. माश्या जखमेच्या कडेला तांदळाच्या कणीसारखी अंडी घालतात आणि दिवसभरात किडे पडतात. सकाळ-संध्याकाळ पंखाखाली आणि शेपटीखाली बॅटरी मारून बघा. किडे दिसले तर चिमट्याने वेचून मिठाच्या पाण्याने धुवा. बैलाच्या जखमेत टर्पेंटाइन घालतात तसं इथे करू नका. खपली पडून पिसं आल्याशिवाय कळपात नको. आधी दोन-तीन दिवस त्यांच्या शेजारीच डालग्याखाली (कोंबडी झाकायच्या टोपलीखाली) ठेवा.

आणि मुंगूस उद्या पुन्हा येईल, दिवसाउजेडीच. षटकोनी जाळीचा भरवसा नाही, अर्ध्या इंचाची वेल्डमेश (वेल्डिंग केलेली तारेची जाळी) लावा आणि खाली वीतभर मातीत गाडा, ते उकरून आत शिरतं. विष किंवा फासा लावू नका, वन्यजीव कायद्याने ते संरक्षित आहे.